जाळी तुटली म्हणून भोक बुजवू नका!
घरच्या घरी दुरुस्ती : बाथरूममधल्या एक्झॉस्ट फॅनचं कव्हर



गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, परतफेड आणि नोंदवही यांवर बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. बाथरूममधल्या एक्झॉस्ट फॅनचं कव्हर, म्हणजे पुढची प्लॅस्टिकची जाळी, तुटली तर काय करायचं? "मॅडम, हा काय विषय झाला का?" असं तुम्ही म्हणाल. गेल्या हिवाळ्यापर्यंत मीही असंच म्हटलं असतं.

पुठ्ठ्याची गोष्ट

मी तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत राहते. बाथरूम लहान आहे. वरच्या झरोक्यात सहा इंची पंखा बसवलेला आहे आणि भिंतीवर गॅस गीझर आहे. एका रविवारी जळमटं काढताना झाडूचा दांडा जाळीला लागला. जाळीचा एक कोपरा आणि दोन काड्या तुटल्या, जाळी एका बाजूला लोंबकळायला लागली. घरमालकांना सांगितलं. "बघू" म्हणाले. महिना गेला.

तोपर्यंत तिथून गार वारा यायचा. मागची झडपही मोडकी होती, त्यामुळे चिमण्या काड्या आणून टाकायच्या. बाहेर रस्ता आहे, दिवा लावला की कुणी बघतंय असं वाटायचं. शेवटी मी पुठ्ठा कापला, भोकात बसवला, चिकटपट्टी मारली आणि पंख्याचं बटण बंद ठेवलं. म्हटलं, सुटला प्रश्न.

आठ-दहा दिवसांनी अंघोळ करताना डोकं एकदम जड झालं आणि पायांतलं बळ गेलं. कशीबशी कडी काढली आणि बाहेर येऊन बसले. थोड्या वेळाने बरं वाटलं. उपाशी होते म्हणून झालं असेल असं समजले. दुसऱ्या दिवशी परत तेच.

त्या दुपारी एका गटाची बैठक होती. माझा चेहरा बघून गटातल्या पिठाच्या गिरणीवाल्या मावशींनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न केला, "गीझर गॅसचा हाय का लाईटचा?"

"गॅसचा."

"मग आधी तो पुठ्ठा काढा. आजच काढा. जाळीचं मागून बघू. अन् मॅडम, आम्हाला स्वावलंबन शिकवता आन् सोता पुठ्ठा कोंबून बसता व्हय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी जाऊन आधी पुठ्ठा काढला. त्या दिवसापासून तो गीझर लावलाच नाही. पुढच्या रविवारी मावशी त्यांची अवजारांची पिशवी घेऊन आल्या. पंचवीस वर्षांची, एमएसडब्ल्यू झालेली मी स्टूल धरून उभी होते आणि सातवी शिकलेल्या मावशी शिकवत होत्या. आजचा पाठ हा त्यांचाच आहे. मी फक्त लिहून काढला आणि एका वायरमन दादांकडून तपासून घेतला.

जाळी कशासाठी असते?

पंख्याचे तीन भाग लक्षात ठेवा.

१. पुढची जाळी : बोटं, केस, ओढणी, पदर फिरत्या पात्यापर्यंत जाऊ नयेत म्हणून.

२. मधली मोटर आणि पातं : आतली दमट हवा, वाफ आणि वास ओढून बाहेर टाकण्यासाठी.

३. मागची झडप : पंखा चालू झाला की वाऱ्याने पट्ट्या उघडतात, बंद झाला की आपल्या वजनाने पडतात. पाऊस, पक्षी, पाल आणि बाहेरची नजर या झडपेने अडते.

जाळी तुटली की पंखा चालूच राहतो, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. पण लोंबकळणारी जाळी कधीतरी पात्यात अडकते. पातं फुटतं, नाहीतर मोटर अडकून तापते. आणि घरात लहान मूल असेल, बादलीवर चढून वर हात घालत असेल, तर पुढचं सांगायला नको.

हे काम आपलं की वायरमनचं?

आधी लांबूनच बघा. फक्त प्लॅस्टिक तुटलं असेल तर काम आपलं. पण पुढच्यापैकी एक जरी गोष्ट दिसली तर हात लावू नका, वायरमनला बोलवा.

- वायरचं आवरण सोललेलं आहे, तांब्याची तार दिसते.
- पंख्याला किंवा ओल्या भिंतीला हात लागला की मुंग्या येतात.
- जळका वास येतो, किंवा मोटरजवळ प्लॅस्टिक वितळलं आहे.
- पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही.
- वायर पिनशिवाय थेट सॉकेटमध्ये खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी अडकवली आहे.

शेवटची गोष्ट आपल्या गावात किती घरांत आहे, हे मी वेगळं सांगायला नको. बाथरूममध्ये तरी हा जुगाड आजच बंद करा. पंखा लोखंडी बॉडीचा असेल तर तीन पिनांचाच प्लग हवा. वरची जाड पिन अर्थिंगची असते. ती "बसत नाही" म्हणून कापून टाकायची नाही.

पहिली पायरी : वीज बंद

घरातली वीज २३० व्होल्टची असते. ओल्या अंगाला, ओल्या फरशीवर तिचा झटका जास्त जोरात बसतो. म्हणून ही पायरी घाईत उरकायची नाही.

फक्त बटण बंद करून भागत नाही. मावशींनी मला विचारलं, "बटण फेजवर हाय का न्यूट्रलवर, तुला ठाव हाय का?" मला माहीत नव्हतं. नियमाप्रमाणे बटण फेजच्या, म्हणजे करंट येणाऱ्या वायरवर हवं. पण कुणी चुकून न्यूट्रलवर जोडलं असेल, तर बटण बंद केल्यावर पंखा थांबतो आणि करंट मात्र पंख्यापर्यंत तसाच असतो. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून हे असं करा.

- पंख्याला प्लग असेल तर कोरड्या हाताने ओढून बाजूला काढा.
- प्लग नसेल तर घराचा मेन स्विच खाली करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरची वीज येत राहते.
- मेनला चिंधी बांधा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. नाहीतर "लाईट का गेली" म्हणत कुणीतरी मेन वर करतं.
- टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून बघा. दिवा लागला तर टेस्टर चांगला. मग मेन पाडा आणि पंख्याच्या वायरच्या जोडाजवळ लावून बघा. दिवा लागला नाही तरच पुढे. उन्हात टेस्टरचा बारीक दिवा दिसत नाही, हाताने सावली करून बघा.

आणखी एक. "आत्ता लोडशेडिंग आहे, तेवढ्यात करून घेते" असं कधीच करू नका. लाईट सांगून येत नाही. वीज गेलेली असली तरी मेन पाडायचाच.

काम अंघोळीच्या आधी करा. फरशी पुसून कोरडी करा. पायात कोरडी रबरी चप्पल असू द्या, पदर-ओढणी खोचा, केस बांधा, बांगड्या मागे सारा. मजबूत स्टूल घ्या आणि ते धरायला दुसरं माणूस हवंच. पालथ्या बादलीवर चढायचं नाही.

दुसरी पायरी : जाळी काढणे आणि धुणे

काही जाळ्या दोन किंवा चार स्क्रूंवर असतात, काही नुसत्या खटक्यावर बसतात. स्क्रू असतील तर स्क्रूड्रायव्हरने सोडवा आणि वाटीत ठेवा. खटके असतील तर चारही बाजूंनी बोटं फिरवून बघा, जिथे थोडं दबतं तिथे खटका असतो. हळूच दाबून जाळी आपल्याकडे ओढा. जोर लावू नका. जुनं प्लॅस्टिक कडक होऊन बसलेलं असतं, माझ्या जाळीचा तिसरा खटका असाच गेला. काढण्याआधी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, परत बसवताना उपयोगी पडतो.

तुटलेले तुकडे सापडतील तेवढे गोळा करा. जाळी कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून अर्धा तास भिजवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. रॉकेल, पेट्रोल, थिनर वापरू नका, त्याने प्लॅस्टिक खराब होतं, तडकतं. उकळतं पाणीही नको, जाळी वाकडी होते. पातं आणि मोटर ओली करायची नाही. कोरड्या फडक्याने आणि ब्रशने पुसा, बस्स.

जाळी पूर्ण वाळल्याशिवाय जोडायला घेऊ नका. ओल्यावर काहीच चिकटत नाही.

तिसरी पायरी : जोडणे

तुटणं चार प्रकारचं असतं. प्रत्येकाचा इलाज वेगळा.

*तडा गेला आहे, पण तुकडा जागेवर आहे.* आपण लगेच झटपट चिकटणारा डिंक काढतो. तो लागतो, पण कडक आणि ठिसूळ होतो. पंख्याची थरथर आणि रोजची वाफ यांनी थोड्याच दिवसांत सुटतो. त्यापेक्षा गोधडीसारखा टाका घाला. तड्याच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून अर्धा सेंटिमीटर सोडून, समोरासमोर बारीक भोकं पाडा. दाभण पकडीत धरून गॅसवर तापवा आणि टोचा. खिडकी उघडी ठेवा, तो धूर नाकात जाऊ देऊ नका. मग भोकांतून प्लॅस्टिकचा केबल टाय ओवून घट्ट ओढा. टायची गाठ आपल्या बाजूला राहिली पाहिजे, पात्याच्या बाजूला नाही. उरलेलं शेपूट कापून टाका. तारेने बांधायचा मोह होतो, पण तार सुटून पात्यात किंवा वायरीवर जाऊ शकते. तार नकोच.

*तुकडा निघून आला आहे, सापडला आहे.* दोन्ही कडा पॉलिश पेपरने खरखरीत करा. एम-सीलसारख्या मसाल्याचे दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा आणि मागून पातळ थापा. रात्रभर हात लावू नका. थर जाड झाला तर तो पात्याला घासेल. पिशवीसारखं मऊ, मेणचट प्लॅस्टिक असेल तर हा मसाला धरत नाही, तिथे टाकाच घाला.

*खटका किंवा स्क्रूचा कान तुटला आहे.* मसाल्याने नवा कान करायच्या भानगडीत पडू नका, तो वजन धरत नाही. जाळीच्या कडेला आणि पंख्याच्या चौकटीला समोरासमोर भोकं पाडून केबल टायने बांधा. पुढच्या वेळी साफ करायला टाय कापायचा आणि नवा लावायचा. चौकटीला भोक पाडताना मागे वायर नाही ना, हे आधी बघा. दिसत नसेल तर तिथे भोक पाडू नका.

*काड्याच गायब आहेत.* इथे मावशींचा नियम सोपा आहे. घरातल्या सगळ्यात लहान मुलाचं बोट त्या फटीतून जातं का? जात असेल तर केबल टाय आडवे-उभे विणून फट बारीक करा. पाव जाळी गेली असेल तर जोडत बसू नका, नवी आणा.

माझ्या जाळीला तीन टाके आणि दोन कोपऱ्यांना टाय लागले. टायचं पाकीट आणि मसाला मिळून शंभर रुपयांच्या आत काम झालं. पाकिटातले टाय अजून शिल्लक आहेत.

मागची झडप

झडप बाहेर ऊन खाते, म्हणून तीच आधी कडक होऊन मोडते. पट्ट्या नुसत्या अडकल्या असतील तर धूळ-चिकटा काढला की हलायला लागतात. मोडल्या असतील तर झडप पूर्ण बदला. तोपर्यंत पक्ष्यांसाठी बाहेरून अर्धा इंची जाळी लाकडी चौकटीवर ठोकता येते. ती पंख्याला किंवा वायरला टेकायला नको. मच्छरदाणीची बारीक जाळी लावू नका, ती आठवड्यात धुळीने भरते आणि हवा अडते. घरटं दिसलं आणि त्यात अंडी-पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा, पंखा लावू नका.

झरोका उंचावर असेल आणि बाहेरून शिडी लावावी लागत असेल तर ते काम माहितगार माणसाला द्या. तिथे हौस नको.

नवी जाळी घेताना

"सहा इंची द्या" एवढं सांगून भागत नाही. सहा, आठ, नऊ इंच हे पात्याचं माप असतं, जाळीचं नाही. जुनी जाळी सोबत न्या. तीन मापं लिहून न्या : जाळीची बाहेरची लांबी-रुंदी, एका स्क्रूच्या भोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर आणि भिंतीतल्या भोकाची रुंदी. पंख्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढा, त्यावर कंपनी आणि मॉडेल असतं. नुसती जाळी मिळाली नाही आणि पंखाच घ्यावा लागला, तर आयएसआय खूण बघून घ्या, पक्कं बिल घ्या आणि वायर जोडायचं काम वायरमनकडून करून घ्या.

चौथी पायरी : बसवणे आणि तपासणे

जाळी बसवली की मेन चालू करण्याआधी काडीने पातं हळूच फिरवून बघा. कुठे घासत नाही ना? मग स्टूल बाजूला घ्या, हात कोरडे करा, मेन वर करा आणि लांबून बटण दाबा. खडखड आली तर लगेच बंद.

आता वर्तमानपत्राची पट्टी जाळीजवळ धरा. ती जाळीला चिकटून राहिली तर पंखा हवा ओढतो आहे. खाली पडली तर पातं मळलं आहे, झडप अडकली आहे किंवा बाहेरची हवा आत यायला वाटच नाही. बाथरूमच्या दाराखाली बोटभर फट हवी. हवा आत आली तरच बाहेर जाईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं : गॅस गीझर

पुठ्ठ्याने मला काय झालं होतं, ते समजून घेऊ. गॅस जळायला हवा लागते. बंद खोलीत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गळतीचा वास आपल्याला येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूचं तसं नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पाय गळतात. माणूस कडीपर्यंत पोचतच नाही आणि बाहेरच्यांना वाटतं अंघोळ चालली आहे.

म्हणून :

- गॅस गीझर असलेल्या बाथरूमचा झरोका, पंख्याचं भोक, दाराखालची फट कधीही बुजवू नका. थंडी असो की पक्षी.
- जाळी दुरुस्त केली म्हणजे गीझर आत ठेवायला हरकत नाही, असं समजू नका. गीझर आणि सिलिंडर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या जागेत असावा, पाण्याचा पाईप फक्त आत यावा. तोपर्यंत बाहेर बादली भरून घ्या, गीझर बंद करा आणि मग अंघोळीला जा.
- कुणाला आत चक्कर आली तर दार उघडा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ वर फोन करा. "पित्त असेल" म्हणून झोपवून ठेवू नका.

माझ्या घरमालकांना मी आणि मावशी दोघींनी जाऊन हे सांगितलं. या वेळी ते "बघू" म्हणाले नाहीत. गीझर आता मागच्या बाजूला बाहेर आहे.

पुढच्या बैठकीसाठी

१. आपल्या गटात किती घरी गॅस गीझर आहे? तो आत आहे की बाहेर? हात वर करून मोजा, इतिवृत्तात लिहा.

२. कुणी झरोक्यात पुठ्ठा, पोतं, जुनी साडी कोंबली आहे का? लाजू नका, मीही कोंबला होता.

३. गटाची एक अवजारपेटी करता येईल का? टेस्टर, दोन स्क्रूड्रायव्हर, पकड, केबल टाय, मोजपट्टी एवढं पुरे. पेटी कुणाकडे राहील, नेणारीची नोंद कोण ठेवेल, हे ठरवून ठराव घ्या.

४. आपल्यात "गिरणीवाल्या मावशी" कोण आहे? शिलाई मशीन उघडणारी, कुकरची रिंग बदलणारी, मोटरचा पट्टा बसवणारी कुणीतरी असतेच. तिला पंधरा मिनिटं द्या आणि सगळ्यांसमोर करून दाखवायला सांगा.

आणि आज संध्याकाळी घरी गेल्यावर एकदा मान वर करून त्या झरोक्याकडे बघा. तिथे काही कोंबलेलं असेल तर जाळी नंतर जोडा. आधी ते काढा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक